मॅकफार्लेनची अंडी

गेले काही दिवस माझ्या डोक्यात एकच माणूस आहे, रॉडरिक मॅकफार्लेन. हडसन्स बे कंपनीचा फरचा व्यापारी, कॅनडाच्या पार उत्तर टोकाला फोर्ट अँडरसन म्हणून ठाणं होतं तिथं 1861 ते 1866 राहिला. त्याला पक्ष्यांची अंडी गोळा करायचा नाद लावला रॉबर्ट केनिकॉटनं, जो 1859 मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहासाठी नमुने गोळा करायला तिकडे गेला होता आणि वॉशिंग्टनहून त्याच संस्थेतला स्पेन्सर बेअर्ड पत्रं आणि नमुने टिकवायला आर्सेनिक, अल्कोहोल असं सगळं पाठवत राहायचा.

आता विचार करा, अंड्याला बारीक भोक पाडायचं, फुंकून आतलं सगळं बाहेर काढायचं, मग कापसात गुंडाळून पेटीत ठेवायचं, आणि ती पेटी होडीतून, मग मेथी पोर्टेजला जवळजवळ 20 किलोमीटर जमिनीवरून, मग परत होडीतून... आणि तरी ती अंडी अख्खी पोचली! मला हे वाचून खरंच भरून आलं.

पण घरटी शोधून देणारे बरेचसे लोक तिथले मूळ रहिवासी, इनुइट आणि डेने होते, मोबदल्यात मणी, सुया, तंबाखू. पक्ष्याला नाव मात्र व्यापाऱ्याचं, जसं रॉस गूज या पक्ष्याचं नाव बर्नार्ड रॉस या व्यापाऱ्यावरून. हे मला खूप लागतं.

त्या अंड्यांत एस्किमो कर्ल्यू या लांब चोचीच्या पक्ष्याचीही आहेत. 1963 मध्ये बार्बाडोसला एक मारला गेला, त्यानंतर हा पक्षी खात्रीनं कुणाला दिसलेलाच नाही.