मानेतल्या धमन्या मोजताना

एम.डी. अ‍ॅनाटॉमीच्या (शरीररचनाशास्त्राच्या) थिसिससाठी मानेच्या धमन्या हा विषय मी स्वतः मागून घेतला. माझ्या काकांना तंबाखूमुळे जिभेचा कॅन्सर झाला होता. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जन आम्हाला मान किती जपून उघडावी लागते ते समजावत होते, ते माझ्या मनात राहून गेलं होतं. गाईड मॅडम एवढंच म्हणाल्या, "घे. पण मानेत घाई केलीस तर हाती काही लागणार नाही."

थिसिसचा आराखडा म्हणजे सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी आणि नाशिकच्या विद्यापीठाची मंजुरी यांत पहिले काही महिने गेले. त्यानंतर प्रश्न आला देहांचा. देहदानातून येणारे देह मोजके आणि त्यांवर पहिला हक्क एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाच्या मुलांचा. त्यांचं मानेचं डिसेक्शन (देह कापून अभ्यासणं) सुरू व्हायच्या आत मला माझं काम उरकावं लागे. हॉलचे मामा माझ्यासाठी सकाळी सातला कुलूप काढत. देह टिकवायच्या फॉर्मॅलिनने डोळ्यांची आग व्हायची, तरी मोजमापाचा व्हर्निअर कॅलिपर घेऊन तासन्‌तास एकाच बाजूवर बसायची मला सवय झाली.

पुस्तकातली मान सोपी असते. कॉमन कॅरोटिड धमनी कंठमण्याच्या वरच्या कडेशी पोचते, तिथे तिला दोन फाटे फुटतात. आतला इंटर्नल कॅरोटिड मेंदूकडे जातो आणि मानेत त्याला एकही शाखा नसते. बाहेरच्या एक्स्टर्नल कॅरोटिडला आठ शाखा, त्यांतली पहिली सहसा सुपिरिअर थायरॉइड, गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीकडे जाणारी. रक्तस्राव थांबवायला सर्जनला एक्स्टर्नल कॅरोटिड बांधावी लागते, तेव्हा शाखा दिसते ती एक्स्टर्नल, हीच त्याची खूण. चुकून इंटर्नल बांधली गेली तर रोग्याला पक्षाघात होऊ शकतो.

मला मात्र तिसऱ्याच देहात सुपिरिअर थायरॉइड थेट कॉमन कॅरोटिडमधून निघालेली दिसली, फाटा फुटायच्या आधीच. मी तिथेच थांबले. फक्त पहिली शाखा शोधून खूण बांधणाऱ्याने इथे एक्स्टर्नल समजून कॉमन कॅरोटिडच बांधली असती. दुसऱ्या एका देहात फाटाच वर, जिभेच्या मुळाशी असलेल्या हायॉइड हाडाच्या पातळीला होता. कॅरोटिडमध्ये साचलेली चरबी काढायची वेळ अशा माणसावर आली, तर सर्जनला जबड्याखाली शिरावं लागतं आणि जीभ हलवणारा हायपोग्लॉसल मज्जातंतू अगदी हाताशी येतो. जिभेची आणि चेहऱ्याची धमनी एकाच खोडातून निघालेली सापडली तेव्हा मला काकांची आठवण आली. तिथे जिभेचा रक्तस्राव थांबवायला मुळाशी गाठ मारली, तर चेहऱ्याकडे जाणारी धमनीही बांधली जाते.

आता माझ्या हातून झालेली चूक. एका सकाळी मी श्वासनलिकेच्या पुढचा पातळ पडदा साफ करत होते. मधोमध एक बारीक दोरा वर चढत होता. शीर असेल म्हणून मी तो कापला. मॅडमनी चिमट्याने टोक उचललं, भिंत जाड होती, म्हणजे ती शीर नव्हती, धमनी होती. खाली शोधत गेलो तर तो महाधमनीतून निघणाऱ्या ब्रॅकिओसेफॅलिक खोडातून निघाला होता आणि वर थायरॉइडच्या मधल्या पट्टीत शिरत होता. थायरॉइडिया इमा! थोड्याच माणसांत असणारी ही धमनी मी वाचून पाठ केली होती, आणि समोर आली तेव्हा ओळखली नाही. ट्रेकिऑस्टॉमी, म्हणजे श्वासासाठी गळ्यातून श्वासनलिका उघडताना, चीर नेमकी याच जागी पडते. माझ्या पुढ्यातल्या देहातून रक्त आलं नाही. जिवंत माणसाच्या बाबतीत तिथेच वाहू लागलं असतं, आणि तेही श्वासनलिका उघडायच्या घाईत. त्या दिवशी मी पुढे काही कापलं नाही.

त्यानंतर मी प्रत्येक दोरा आधी दोन्ही टोकांपर्यंत मागोवा घेऊनच सोडवू लागले. वेग निम्म्यावर आला, मॅडम काही बोलल्या नाहीत.

आर्टेरिया लुसोरियाची मी शेवटपर्यंत वाट पाहिली. तिच्यात उजव्या हाताची धमनी महाधमनीच्या कमानीची शेवटची शाखा म्हणून निघते आणि बहुतेकदा अन्ननलिकेच्या मागून उजवीकडे जाते. गर्भात उजवीकडची चौथी धमनी-कमान नाहीशी झाली की असं घडतं. काहींना त्यामुळे घास गिळताना अडकतो. लंडनमध्ये डेव्हिड बेफर्ड यांनी १७९४ साली अशा एका बाईची हकीकत छापली होती. अशा माणसात उजवीकडचा आवाजाचा मज्जातंतू खाली वळसा न घेता सरळ कंठाकडे जातो, म्हणून थायरॉइडच्या सर्जनला हे आधी कळलेलं बरं. मला ती एकाही देहात मिळाली नाही. थिसिसमध्ये तसंच लिहिलं.

तपशील लिहिताना पहिल्या मसुद्यात मी सगळीकडे 'अ‍ॅबनॉर्मल' शब्द वापरला होता. मॅडमनी लाल पेनाने तो खोडून प्रत्येक ठिकाणी 'व्हेरिएशन' केलं. ही माणसं त्याच धमन्या घेऊन म्हातारी झाली होती, त्यांच्यात बिघडलेलं काही नव्हतं.

थायरॉइडिया इमाचा तो नमुना आता आमच्या म्युझियममध्ये बरणीत आहे. तुटलेली दोन्ही टोकं मी लाल दोऱ्याने बांधून समोरासमोर ठेवली आहेत, आणि लेबलवर 'डिसेक्शन करताना कापली गेली' हेही लिहिलं आहे.