आज्जीला बांधायचं नाही

"म्याडम, गोळ्या द्या, सुया द्या, काय बी करा. फक्त माह्या आज्जीला बांधू नका."

खुर्चीत टेकायच्या आधीच त्या ताई हे बोलून मोकळ्या झाल्या. मागे सासूबाई कापडी पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या आणि नवरा दाराच्या चौकटीला टेकला होता. केसपेपरवर आधीच्या खोलीतून दोनच शब्द लिहून आले होते : आवाज येतात.

मी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे. हिंगोली-नांदेडच्या पट्ट्यात सरकारी रुग्णालयात ठरलेल्या वारी आमची मानसिक आरोग्याची ओपीडी भरते. ताईंच्या परवानगीनं हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आधी नवऱ्यानं सांगितलं. १० जुलै २०२४ ला सकाळी सव्वासातच्या सुमारास जो धक्का बसला, ४.५ रिश्टरचा, तो या भागात सगळ्यांनाच जाणवला. मार्चमध्येही एक बसून गेला होता. वसमत, औंढा, कळमनुरीकडच्या कित्येक गावांत जमिनीतून गूढ आवाज येतात, त्यामुळे माणसं अंगणात येतात, थोडं थांबतात, पुन्हा कामाला लागतात. ताई मात्र त्या दिवसापासून घरात झोपल्याच नव्हत्या. भर पावसात अंगणातल्या पत्र्याखाली बाजेवर रात्र काढायच्या. काम करता करता मध्येच थांबायच्या, नजर एका जागी, हाक मारली तरी ओ नाही. एकदा तव्यावरच्या भाकरीचा कोळसा झाला, तरी हात तसाच हवेत. आणि रात्री कुणाशी तरी बोलायच्या.

"पाढे म्हणते, म्याडम," नवरा म्हणाला. "चाळिशीला आलेली बाई रातच्याला बेचे पाढे म्हणते."

सासूबाईंनी त्यांना देवऋष्याकडे नेलं होतं. त्याबद्दल मी त्यांना कधी बोल लावणार नाही. सून वाळत चाललेली दिसते, रात्री डोळा लागत नाही, अशा वेळी माणूस जिथं दार उघडं असेल तिथं जातं. देवऋष्यानं विचारलं, कुणाचा आवाज? ताईंनी सांगितलं, आज्जीचा. मग त्यानं निदान केलं : म्हातारी भूकंपात गेली, तिची क्रिया नीट झाली नाही, जमीन हलली तशी ती जागी झाली. येत्या अमावस्येला तिला लिंबात बांधून शिवेबाहेर टाकायचं. त्यावर ताईंनी जो आकांत केला, तो पाहून गावातल्या आशाताईंनी चिठ्ठी लिहून त्यांना आमच्याकडे पाठवलं.

मी सासूबाईंना आणि नवऱ्याला बाहेर बसवलं.

ताईंचं माहेर किल्लारीच्या बाजूचं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना वेगळी सांगावी लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून दमलेली गावं, आणि ३ वाजून ५६ मिनिटांनी ६.२ तीव्रतेचा धक्का. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. झोपलेल्या माणसांवर घरंच कोसळली. जवळपास आठ हजार माणसं गेली. ताई तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. आज्जीच्या कुशीत झोपलेल्या.

माळवदाची एक लाकडी तुळई तिरकी अडकली आणि तिच्याखाली थोडी पोकळी राहिली. अंधार, तोंडात माती, पाय दबलेले. आणि शेजारी आज्जी बोलायला लागली.

"काय बोलायलती?" मी विचारलं. मुद्दामच त्यांच्या बोलीत, आणि मुद्दामच हा प्रश्न आधी.

ताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नसावं. ज्यांना आवाजाचं कळलं त्यांनी तो खरा की खोटा, देवाचा की भुताचा, एवढंच विचारलं होतं.

"तोंड मिटून धर म्हनली. नाकानं दम घे. मग म्हनली, हाताला काय लागतंय बघ. पितळी तांब्या होता उशाचा. म्हनली, दगडावर वाजव. मी थांबले की रागं भरायची. झोप यायली म्हनलं तर पाढे म्हणायला लावायची. तिला सोताला एक अक्षर येत नव्हतं, म्याडम. पन माहा पाढा चुकला की म्हनायची, पुन्ना म्हन."

तांब्याचा आवाज ऐकून माणसांनी त्यांना संध्याकाळी बाहेर काढलं. त्या एवढ्या तासांचा हिशेब त्यांना आजही लागत नाही. सकाळ झाली आणि लगेच दिवस कलला, असं त्या म्हणतात. पाय दुखला नाही. मध्येच आपण वर कुठंतरी आहोत आणि खाली एक पोरगी तांब्या वाजवते आहे, असंही दिसलं. मग बाजेवर निजवल्यावर त्यांच्या कानावर एक वाक्य पडलं : म्हातारी रातीच गेली होती, पार थंड पडलेली.

तेव्हापासून त्या गप्प झाल्या. भूकंपात पोरकी झालेली कितीतरी मुलं शिकायला पुण्याजवळ वाघोलीला गेली. ताईंना मामा घेऊन गेला. पुढं लग्न, मुलं, हळदीचं शेत. आज्जी बोलली होती हे त्यांनी ना मामाला सांगितलं, ना नवऱ्याला.

इथं मला काय ठाऊक होतं ते सांगते, कारण पुढच्या अर्ध्या तासात मी जे केलं ते त्यावरच उभं होतं.

जीव जाण्याच्या घटकेला मन वेगळं चालू लागतं, हे निरीक्षण फार जुनं आहे. अल्बर्ट हाइम नावाच्या स्विस भूगर्भशास्त्रज्ञानं १८९२ साली डोंगरावरून पडून वाचलेल्या गिर्यारोहकांचे अनुभव छापले. तो स्वतःही पडला होता. वेळ लांबली, वेदना जाणवली नाही, भीतीच्या जागी विलक्षण शांतता आणि लख्ख विचार आले, असं त्यांतल्या बहुतेकांनी सांगितलं. १९१६ साली अंटार्क्टिकच्या मोहिमेवर निघालेला शॅकलटन आणि त्याचे दोन सोबती दक्षिण जॉर्जिया बेटाचे बर्फाळ डोंगर छत्तीस तास चालून पार करत होते, तेव्हा आपण तिघे नसून चौघे आहोत असं त्यांना वाटत राहिलं. आणि मेलेल्या आप्ताचं म्हणाल, तर डेवी रीस या डॉक्टरनं १९७१ साली वेल्समधल्या २९३ विधवा-विधुरांना विचारलं होतं. जवळपास निम्म्यांना गेलेल्या जोडीदाराचं अस्तित्व जाणवलं होतं, कुणाला दिसलं होतं, कुणी आवाज ऐकला होता. त्यांतल्या बऱ्याच जणांना त्याचा आधारच वाटला. बहुतेकांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हणजे आवाज येतो एवढ्यावरून कुणी वेडं ठरत नाही. तुळजापूरच्या वाटेवर जिच्या अंगात येतं त्या आराधिणीला आपण आजारी म्हणत नाही, आणि आजारांचं आंतरराष्ट्रीय वर्गीकरणही तसं म्हणायला सांगत नाही : समाजानं मान्य केलेल्या धार्मिक रीतीचा भाग असेल तर ती स्थिती विकार नव्हे. पाहायचं असतं ते वेगळंच. आवाज हुकूम सोडतो का? शिव्या देतो का? विचारांची संगती तुटली आहे का? माणूस आपल्या माणसांपासून तुटलं आहे का? ताईंना मी हे सगळं एकेक करून विचारलं. आज्जी कधी वाईट बोलत नाही. ती इतर वेळी येतही नाही. लहानपणी एक-दोनदा तापात, आणि आता जुलैपासून रात्री. जमीन पुन्हा हलेल या भीतीनं छाती धडधडू लागली की आज्जी म्हणते, पाढा म्हण.

आजार दुसराच होता, आणि तो खरा होता. ट्रक गेला तरी थरकाप, छताकडे नजर, दचकून जाग, पहाटे चारच्या आधी हटकून उघडणारे डोळे, आणि ते मध्येच दगड होणं, ज्यात बाई स्वयंपाकघरात असतात पण मन एकतीस वर्षं मागे ढिगाऱ्यात असतं. किल्लारीनंतर महिनाभरानं वाचलेल्या लोकांची तपासणी झाली होती. १९९६ साली छापलेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून जास्त जणांमध्ये मानसिक विकार आढळले, त्यांत आघातानंतरचा ताणविकार आणि नैराश्य प्रामुख्यानं होतं. त्या वेळी आठ वर्षांच्या असलेल्या मुलींचं काय झालं, हे आम्हाला अशा ओपीडीतच कळतं.

बोलता बोलता बाहेर कुणीतरी ऑक्सिजनचा सिलिंडर फरशीवरून ओढत नेला. तो घरघराट ऐकताच ताई थांबल्या. डोळे उघडे, पापणी नाही, उजवी मूठ कशावर तरी ठोकल्यासारखी मांडीवर हलत होती.

अशा वेळी माणसाला इथं परत आणायची आमची नेहमीची रीत म्हणजे, पाय जमिनीवर टेका, खालची जमीन घट्ट जाणवू द्या. भूकंपातून वाचलेल्या माणसाला मी हे कधीच सांगत नाही. ज्या जमिनीनं दगा दिला तिच्यावर विसंबा असं कसं म्हणायचं? मी माठातल्या पाण्याचा गार पेला त्यांच्या हातात दिला आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "ताई, बे नव्वे?"

बराच वेळ काही नाही. मग ओठ हलले. "अठरा."

"बे दाहे?"

"वीस." आणि त्यांनी पेला तोंडाला लावला.

पाढा ही त्यांची स्वतःची युक्ती होती. धोक्यात मनाला इथं बांधून ठेवायला इतकी वर्षं तीच उपयोगी पडली होती. तो आवाज त्यांच्या मनानं घडवला की आज्जीनंच पाठवला, हे ठरवायला मी बसले नव्हते. ताईंनी सरळ विचारलंच, "आज्जी खरंच बोलायलती का, म्याडम?" मी म्हणाले, जीव वाचवण्यासाठी मन असा आवाज उभा करू शकतं, हे आमच्या शास्त्राला माहीत आहे. तुमच्या आज्जीबद्दल त्यापुढचं तुम्ही माना ते. तिला काढून टाकायचं औषध मी देणार नाही, कारण ती तुमचा आजार नाही.

त्या रडल्या, मोठ्यानं. मी रडू दिलं.

आमच्या मानसोपचारतज्ज्ञांशी लगेच बोलले. त्यांनीही तपासलं, भास थांबवणारं औषध लिहिलं नाही, भीतीसाठी आणि झोपेसाठी सौम्य गोळी सुरू केली. बाकीचं काम आमच्या दोघींचं होतं. तुर्कस्तानात १९९९ च्या भूकंपानंतर मेतिन बाशोलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधी उपचारपद्धत वापरली : भीती जाईपर्यंत थांबू नका, भीतीसकट थोडं थोडं घरात जा आणि आपण ती सोसू शकतो हे स्वतःला पाहू द्या. ताईंनी पायऱ्या स्वतः ठरवल्या. आधी ओसरीत दिवसा, दार उघडं ठेवून. मग रात्री ओसरीत. माजघर सगळ्यात शेवटी. घरात कोणती भिंत कच्ची आहे ते नवऱ्यानं गवंड्याला दाखवून घ्यायचं आणि रात्री दारासमोर काही ठेवायचं नाही, हेही ठरलं, कारण त्या भागात धक्के खरेच बसतात आणि ताईंची भीती निव्वळ मनची नव्हती.

सासूबाईंना सांगायचं का, हे मी ताईंना विचारलं. त्यांनी मान हलवली आणि मग स्वतःच सांगितलं, तांब्यापासून पाढ्यापर्यंत सगळं. सासूबाई ऐकत राहिल्या. पिशवीतून त्यांनी एक पुडी काढली, अमावस्येसाठी जमवलेलं साहित्य होतं त्यात, आणि नवऱ्याकडे देऊन म्हणाल्या, "हे वापस देऊन ये. म्हातारीनं वाचविली नसती तर ही आपल्या घरात आली असती का?"

देवऋष्याशी भांडायला मी गेले नाही. त्याची गरजच उरली नाही.

ऑगस्टच्या शेवटी ताई ओसरीत झोपत होत्या. माजघरात दिवसा काम करत होत्या, रात्री अजून नाही. दगड होणं कमी झालं होतं, झालं तरी पेला आणि पाढा जवळ होते. एकदा त्यांनी दबकत विचारलं, "बरं वाटल्यावर आज्जी यायची बंद होईल का?" खरं होतं तेच मी सांगितलं : कदाचित कमी येईल, कारण बोलवायची वेळ कमी येईल. हे त्यांना आवडलं नाही. त्या दिवशी त्या फार बोलल्या नाहीत, आणि मीही गोड बोलून ते झाकलं नाही.

पुढच्या खेपेला मात्र त्या ठरवूनच आल्या होत्या : यंदा ३० सप्टेंबरला किल्लारीला जायचं. एकतीस वर्षांत त्या एकदाही गेल्या नव्हत्या. तिथं स्मृतिस्तंभापाशी पोलीस हवेत फैरी झाडून मानवंदना देतात, हे मी त्यांना आधीच सांगितलं. आवाज कसा असेल, कुठं उभं राहायचं, दचकल्यावर काय धरायचं, हे आम्ही तिघींनी बसून ठरवलं. हो, तिघींनी. सासूबाईंनी एसटीची वेळ आधीच काढून ठेवली होती.