तुम्ही विचारलंत म्हणून: मी हल्ली खाली का येत नाही

लिफ्टमध्ये, भाजीच्या गाडीपाशी, सासूबाईंच्या मार्फत, गेल्या संक्रांतीपासून हा प्रश्न मला सगळीकडून आलाय. हल्ली खाली बागेत का येत नाहीस, चैत्रातल्या हळदीकुंकवाला का नव्हतीस, कुणी काही बोललं का तुला? मी दरवेळी "अगं पोरांचं आवरण्यातच संध्याकाळ जाते" म्हणून निघून जाते. ते अगदीच खोटं नाही, पण कारण ते नाही.

कुणी काही बोललेलं नाही. बोललं असतं तर भांडून मोकळी झाले असते.

रोज साडेसातला आपल्यातली एकजण (नाव घेत नाही, तिची काहीच चूक नाही) बाकावरून नुसती हाक मारते आणि तिची लेक झोपाळ्यावरून उतरून चपला घालून तिच्याजवळ येऊन उभी राहते. मी हे दोन वर्षं बघितलंय. त्याच वेळी माझी मोठी घसरगुंडीखाली जाऊन बसलेली असायची, धाकट्याने लोळण घेतलेली असायची, हिला ओढू की त्याला उचलू असं माझं चाललेलं असायचं, आणि त्या सगळ्यात माझं लक्ष पोरांकडे नसायचंच, बाकाकडे असायचं, कोण कोण बघतंय तिकडे. "सगळीच मुलं करतात गं" हे तुम्ही प्रेमाने म्हणता, कळतं मला. पण सगळी करत नाहीत. मी रोज बघत होते, मला माहितीये.

आणि कुणी विचारायच्या आत सांगते, जेवताना मोबाईल देत नाही, साडेनऊला दिवे बंद असतात, दोघांना वेळ देते, हात उगारत नाही. म्हणजे लाडावून ठेवलेत वगैरे जे मनात येतं ना लोकांच्या, ते तसं नाहीये.

माझी एक मैत्रीण समुपदेशक आहे. तिने मला सांगितलं होतं की न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या डॉक्टर नवरा-बायकोने १९५६ पासून शंभराहून जास्त मुलांचा तान्हेपणापासून मोठं होईपर्यंत अभ्यास केला, त्यात साधारण ४० टक्के मुलं स्वभावानेच सोपी निघाली आणि १० टक्के अवघड, म्हणजे झोप-भुकेची वेळ नाही, नवीन काहीही आलं की आधी विरोध, रडणं हसणं सगळं जोरात. आणि हे आईने बिघडवल्यामुळे होत नाही, मूल ते घेऊनच येतं. त्या रात्री मला इतकं हलकं वाटलं. मग कित्येक महिने ते १० टक्के मी सर्टिफिकेटसारखे जवळ बाळगले, नवऱ्याला सांगितले, आईला फोनवर सांगितले. मैत्रिणीने पुढचंही सांगितलं होतं, की मुलाचा स्वभाव आणि घरच्यांच्या अपेक्षा एकमेकांशी कितपत जुळतात यावर पुढचं बरंच अवलंबून असतं. ते मी कुणाला सांगितलं नाही.

आता बोरनहाणाचं. तुमच्यापैकी बऱ्याचजणी होतात क्लबहाउसमध्ये. धाकट्याच्या पहिल्या वर्षी सुतक होतं, दुसऱ्या वर्षी तो तापाने आजारी, म्हणून गेल्या संक्रांतीला करायचंच असं सासूबाईंच्या मनात होतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. पाच मुलं, पाच पाट. काळं झबलं मी तीन रात्री बसून शिवलं. हलव्याचे दागिने तुळशीबागेतून आणले, मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, बासरीसुद्धा. हलवा पाकावर पाक चढवून करतात आणि काटा जितका छान आला तितका तो चांगला, तसा चांगला काटेरी बघून मी हार घेतला होता.

बाकीची चार बसली. ती बागेतली मुलगी तर राधेसारखी हात मांडीवर ठेवून बसली. माझ्याने मुकुट काढून फेकला. परत घातला, परत फेकला. "नको" म्हणाला, अगदी स्पष्ट, चार-पाच वेळा म्हणाला. औक्षणाचं ताट घेऊन सगळ्या थांबलेल्या, बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या सगळं भांड्यात तयार, मोठी मुलं लुटायला टपून बसलेली, आणि कुणीतरी म्हणालं, राहू दे गं, नसेल घालत तर. राहू दे म्हणाली होती ती! आणि मला ते 'तुला जमत नाहीये' असं ऐकू आलं. मी त्याला मांडीत दाबून धरला, एका हाताने त्याचे दोन्ही हात धरले, दुसऱ्याने हार घातला आणि तसाच धरून ठेवला, डोक्यावरून बोरं पडेपर्यंत. तो रडायचा थांबला. मला वाटलं, जमलं. फोटो तेव्हाचाच आहे, तोच ज्यावर तुम्ही सगळ्यांनी 'किती गोड' लिहिलंत.

रात्री झबलं काढलं तर मानेवर सगळीकडे बारीक लाल ओरखडे. हलव्याच्या काट्यांचे. मी खोबरेल तेल लावत होते, मोठी शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "आई, तो नको म्हणाला होता ना?"

तिला मीच शिकवलंय की आपल्या अंगाला आपण नको म्हटलं की समोरच्याने थांबायचं, मग तो कुणीही असो. मी काही उत्तर दिलं नाही. झोप आता, एवढंच म्हणाले.

म्हणून मी खाली येत नाही. तुमच्या समोर उभी राहिले की मी काय करू शकते ते मला त्या दिवशी दिसलं.

लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा एका कार्यात भाच्याने अक्षतांचं ताट उडवलं, आणि मी वहिनीला म्हणाले होते की पहिल्यापासून सवय लावली असतीस तर आज ही वेळ आली नसती. वहिनी काही बोलली नाही, खाली वाकून अक्षता गोळा करत राहिली. ती तेव्हाची मी अजून आहे. बागेत ती माझ्या बाजूला येऊन बसते आणि म्हणते, मग लाव ना सवय, कुणी अडवलंय. तिला काय उत्तर द्यायचं? थॉमस आणि चेस सांगून बघितले, ती म्हणते त्या बाकावरच्या आईला नशिबाने सोपी मुलगी मिळाली असं म्हणायचंय का तुला, तिचे काहीच कष्ट नाहीत? आणि तिचं तेही बरोबर आहे. ती आई काय करते, किती करते, मी कधी विचारलंच नाही तिला. नुसती बघत राहिले.

वहिनीला फोन करायचं अजून झालेलं नाही.

घरात राहून बरं चाललंय असंही नाही. मोठी रोज विचारते खाली कधी जायचं, तिच्या मैत्रिणी खाली असतात, म्हणजे माझ्यामुळे तिचं खेळणं बुडतंय. नवरा म्हणतो मी नेतो, आणि तो नेतोही कधीकधी, त्याच्यासोबतही ती घसरगुंडीखाली बसते म्हणे, तो तिथेच कठड्यावर टेकून वाट बघत बसतो, पंधरा मिनिटांनी येते बाहेर. त्याला कुणी बघतंय का हे सुचतही नाही. मला त्याचा राग येतो, उगाच.

आता परत संक्रांत जवळ आलीये. बोरनहाण पाच वर्षांपर्यंत करतात, सासूबाईंनी विचारलं, यंदा करू या ना गं. मी धाकट्याला विचारलं. तो म्हणाला बोरं डोक्यावर टाक, टोपी नको. सासूबाईंना हे सांगायचंय अजून. क्लबहाउसमध्ये करायचं की घरीच, तेही ठरत नाहीये, कारण घरी केलं तर ते त्याच्यासाठी असेल की तुमच्यापासून लपायला, मला खरंच सांगता येत नाही.