काळ्या कोटाला वाळायला वेळ लागतो

ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या चित्रकलेच्या क्लासमध्ये कॉपीच्या ऑर्डरी येतात त्या बहुतेक रविवर्म्याच्या. हंस-दमयंती, लक्ष्मी, सरस्वती आणि दिवा घेतलेली बाई. (ती बाई रविवर्म्याची नाही, सा. ल. हळदणकरांची आहे, हे दर वेळी सांगावं लागतं.) त्यामुळे घोडबंदर रोडच्या एक काकू मोबाइलवर इंग्रज चित्रकार मिलेचं ‘द ब्लॅक ब्रन्सविकर’ घेऊन आल्या, तेव्हा मी आधी त्यांच्याकडेच नीट बघितलं.

“ह्यांच्यासाठी हवंय. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत एकाहत्तरची लढाई लागली. तेव्हाचा आमचा एकत्र फोटोसुद्धा नाही.”

जॉन एव्हरेट मिलेनं हे चित्र १८६० मध्ये पूर्ण केलं. मूळ चित्र लिव्हरपूलजवळच्या लेडी लिव्हर आर्ट गॅलरीत आहे. नेपोलियनविरुद्ध लढायला जर्मनीतल्या ब्रन्सविकच्या ड्यूकनं १८०९ मध्ये एक पलटण उभारली. काळा गणवेश, टोपीवर चांदीची कवटी. जून १८१५ मध्ये ही पलटण बेल्जियममध्ये होती. १५ तारखेच्या रात्री ब्रुसेल्समध्ये अधिकाऱ्यांची नाचाची मेजवानी झाली. दुसऱ्याच दिवशी कात्र ब्राच्या लढाईत ड्यूक स्वतः पडला, आणि वॉटर्लू त्यानंतर दोन दिवसांनी. चित्रातला शिपाई अशाच वेळी निघालाय. साटीनचा झगा घातलेली मुलगी त्याला बिलगली आहे. भिंतीवर घोड्यावरच्या नेपोलियनचं चित्र आहे, फ्रेंच चित्रकार दाविदचं. म्हणजे तो ज्याच्याशी लढायला चाललाय, तोच हिच्या घरात टांगलेला. काकूंना हे सांगितलं तर म्हणाल्या, “मग हिचं माहेर गडबड दिसतंय.”

लांबून हे चित्र फार गोड दिसतं. जवळ गेलं की तसं राहत नाही. तो दार उघडतोय, ती दार लोटून धरतेय. चेहऱ्यांवर काहीच भांडण नाही, सगळी ओढाताण त्या दारावर आहे. चेहरे मला दोन बैठकांत जमले. हात जमेनात, कारण सपाट फोटोत जोर कुठून लागतोय ते कळत नाही. शेवटी इंटरमिजिएटच्या दोन पोरांना क्लासच्या दाराशी उभं केलं. एकाला ढकलायला सांगितलं, दुसऱ्याला अडवायला. अडवणाऱ्याचं मनगट मागे वळतं, कोपर अंगाला चिकटतं आणि खांदा नकळत वर येतो. तो वर आलेला खांदा मिलेनं झग्याच्या चुण्यांत लपवलाय. तो सापडल्यावर मग हात बसला. छापील कॅनव्हासवर वरून जेलचे फटकारे मारून ‘हँडपेंटेड’ म्हणून विकतात, त्यात हे कुठून यायचं? तिथे दार नुसतं दार असतं.

गंमत म्हणजे मिलेसमोर ही दोघं एकत्र उभीच राहिली नव्हती. मुलीसाठी चार्ल्स डिकन्सची मुलगी केट बसली, शिपायासाठी सैन्यातला एक साधा जवान. केट लाकडी पुतळ्याला टेकायची, जवान लाकडी पुतळ्याला कवेत घ्यायचा. मिलेच्या मुलानं लिहून ठेवलंय की दोघांनी एकमेकांना पाहिलंही नव्हतं. एवढी सगळी माया लाकडाच्या आधारानं उभी केली त्या माणसानं!

झग्यावर मी आनंदानं वेळ घालवला. साटीन पांढरं नसतंच. त्यात राखाडी, फिकट हिरवा, सावलीत थोडा गेरू, आणि शुद्ध पांढरा फक्त चुणीच्या कडेला, एका दमात ओढलेला. ती रेघ दुसऱ्यांदा गिरवली की कापडाचं चुनखडीच होतं.

खरा छळ काळ्या कोटानं केला. ट्यूबमधला आयव्हरी ब्लॅक मुळातच हळू वाळतो, त्यात ठाण्याचा जुलै. म्हणून खालचा थर अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट अंबर तपकिरी मिसळून दिला. अंबर लवकर वाळतो, आणि काळ्याला खोलीही येते. तरी आठवड्यानंतर बोट लावलं तर चिकट. काकूंचे फोन येत होते, “अगं, वाढदिवस येतोय गं.” लग्नाचा, म्हणजे. मी पंखा लावून कॅनव्हास भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि फोन उचलणं कमी केलं.

मध्येच त्यांनी निरोप पाठवला, कवटी काढून टाक, घरात नको. मी काढणारही होते. पण तोवर काकांना सुगावा लागला होता. ते स्वतःच क्लासवर आले, ओल्या चित्रासमोर हात मागे बांधून उभे राहिले. म्हणाले, “कवटी काढलीत तर तो लग्नाच्या बँडातला वाटेल.” कवटी राहिली.

मग त्यांनी दाराकडे बोट दाखवलं. “हिनं असं काही केलं नव्हतं हं. डबा दिला होता. तोही मी गाडीत विसरलो.” काकू जिन्यातून ओरडल्या, “आणि डबा स्टीलचा होता, परत आला नाही!”

पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात बसून कॉपी करणाऱ्यांना एक नियम आहे: चित्र मुळाहून पाचव्या हिश्शानं लहान किंवा मोठं हवं, आणि मूळ सही उतरवायची नाही. मला कोणी विचारायला येणार नाही, पण मी तो पाळते. कॅनव्हास लहान घेतला, आणि मागच्या पट्टीवर ‘मिलेच्या चित्रावरून’ लिहून खाली माझं नाव, साल, ठाणे. व्हार्निश इतक्यात मारायचं नाही, काळा अजून आतून ओला आहे. काकूंना सांगितलंय, दिवाळीनंतर चित्र परत आणा.