पाठमोरी माणसं

18 एप्रिल, रात्री

मे महिन्यातल्या निसर्गचित्र शिबिराची यादी आली. 300 जीएसएमचा कागद, 2बी ते 6बी पेन्सिली, बारा नंबरचा राउंड ब्रश, बोर्ड, क्लिपा, घडीचं स्टूल. हे सगळं इथं कोल्हापुरात महाद्वार रोडला मिळेल. पण खाली एक ओळ आहे: 'स्वतःची दहा स्केचेस सोबत आणावीत.' ती कुठं मिळतात?

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत मला बी ग्रेड आहे. दहावीत वाढीव मार्क मिळतात म्हणून घरचे खूश. आज जुने कागद काढले. स्मरणचित्रात बाजार आला की काय काढायचं हे हातात बसलेलं: पुढं भाजीवाली, मागं छत्री, कडेला झाड. आणि माझ्या बाजारातली झाडून सगळी माणसं पाठमोरी! जी नाहीत त्यांचे हात टोपलीमागं, पिशवीमागं, नाहीतर खिशात. मला हात काढता येत नाहीत, हे परीक्षेत खपून गेलं. शिबिरात पहिल्या पाच मिनिटांत कळणार.

मग इन्स्टावर तिथं येणाऱ्या मुलांची कामं बघत बसले. कशाला बघितली देव जाणे. जेवण गार झालं आणि आईची बोलणी खाल्ली ती वेगळी.

20 एप्रिल

टाऊन हॉल म्युझियमला गेले. शाळेच्या सहलीत आम्ही थेट तलवारींकडं पळालो होतो. आज आबालाल रहिमान यांच्या चित्रांपाशी थांबले. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेला, शाहू महाराजांच्या दरबारचा चित्रकार. तरी रमला तो इथल्याच तळ्यांत, रंकाळ्यात, कोटितीर्थात. लोक म्हणतात असं काही बघितलं की हुरूप येतो. मला उलट वाटलं, की रंकाळा तर होऊन गेलाय, आता मी काय काढू?

22 एप्रिल

पहाटे पप्पांनी रंकाळ्यावर सोडलं. पाणी उतरलंय, त्यामुळं संध्यामठ चांगला उघडा पडलाय. आकाशाचा पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, छान बसला. पण साडेआठनंतर ऊन असं चढलं की ब्रश पाण्यात बुडवून परत येईपर्यंत कागद वाळलेला. दोन वॉशच्या मध्ये कडक रेघ उठली, ती काही केल्या जाईना. शेवटी तिलाच पलीकडच्या काठाची रेघ केली. फिरायला आलेले एक आजोबा म्हणाले, "झ्याक आलंय की." त्यांना आकाश आवडलं असावं.

संध्याकाळी आज्जी लसूण सोलत बसली होती. तिच्यासमोरच वही उघडली. अंगठा पाकळीवर दाबला की नखाखालची कातडी पांढरी होते आणि करंगळी उगाचच वर उचलली जाते, हे आजवर कधी दिसलंच नव्हतं. बोटं जाड झाली, मनगट तर गायबच. आज्जीनं चष्मा लावून बघितलं.

"माझा हात हाय व्हय हा? मला वाटलं आल्याचा तुकडा काढलायस."

हसून हसून पोट दुखलं. पण खालचा लसूण तिनं लगेच ओळखला. हे स्केच दहात धरायचं का, ते अजून ठरत नाही. उद्या तिला शेंगा फोडायच्यात. परत बसणार आहे.