.४४ मॅग्नम आणि रानडुक्कर: यंदाची गोळी ठरली

गेल्या नोव्हेंबरात टेक्सासच्या हिल कंट्रीत एका रँचवर माझ्या .४४ मॅग्नम काडतुसाच्या रिव्हॉल्व्हरनं मोठ्या नर डुकरावर बार टाकला. अंतर चाळीस यार्ड, नेम खांद्यावर. डुक्कर बसलं, उठलं आणि झाडीत शिरलं. रक्ताचा माग जेमतेम वीस पावलं मिळाला. टॉर्च घेऊन अडीच तास शोधलं, तेव्हा ते अजून जिवंत होतं. दुसऱ्या गोळीनं संपलं, पण त्या जनावराचे ते अडीच तास माझ्या डोक्यातून जात नाहीत. म्हणून यंदाचा उन्हाळा फक्त गोळ्यांवर घालवला.

सोलताना कारण कळलं. मोठ्या नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट ढाल असते, याची चांगली दोन बोटं जाड होती. माझी गोळी २४० ग्रेनची (गोळीचं वजन ग्रेनमध्ये मोजतात), पोकळ टोकाची, पातळ जॅकेटची, म्हणजे शिशावरच्या धातूच्या कवचाची. ती ढालीतच फुलली, शिसं जॅकेटमधून सुटलं आणि उरलेला तुकडा एका फुप्फुसात अडकला. पलीकडून बाहेर पडली नाही, म्हणून मागही नाही. हरणावर हीच गोळी मला दोन हंगाम उत्तम चालली होती.

रायफलवाल्या मित्रांना हे पटवायला वेळ लागतो. त्यांची गोळी माझ्या दुप्पट वेगानं जाते आणि त्या वेगाचाच बराच आघात होतो. माझ्या साडेसात इंची नळीच्या सुपर ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हरमधून २४० ग्रेनची गोळी क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, १,३४० फूट प्रति सेकंदाच्या आसपास येते. एवढ्या वेगात जनावर पडतं ते गोळीनं पाडलेल्या भोकामुळे. ते भोक पुरेसं रुंद हवं आणि आरपार हवं. लवकर फुलणारी गोळी पहिलं देते, दुसरं नाही.

तीन गोळ्या निवडल्या: स्विफ्ट ए-फ्रेम २८० ग्रेन, बार्न्स एक्सपीबी २२५ ग्रेन, आणि ३०० ग्रेनची सपाट टोकाची कडक शिशाची ओतीव गोळी. वर्तमानपत्रांचे गठ्ठे रात्रभर भिजवले आणि पुढं त्याच डुकराची फ्रीजरमध्ये जपून ठेवलेली ढाल लावली. ढाल सगळ्यांना पुरावी म्हणून प्रत्येकीचे दोनच बार काढले, चाळीस यार्डांवरून.

ए-फ्रेममध्ये मधोमध जॅकेटच्याच धातूची आडवी भिंत असते आणि पुढचं शिसं जॅकेटला चिकटवलेलं असतं. पुढचा भाग छत्रीसारखा उलगडला, भिंतीमागचा जसाच्या तसा राहिला आणि तोच तिला आत ढकलत गेला. एक्सपीबी पूर्ण तांब्याची. पाकळ्या सुंदर उघडल्या, काट्यावर वजन जवळपास तेवढंच भरलं. कॅलिफोर्नियातला माझा मित्र हीच वापरतो, कारण तिथं १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी आहे. ओतीव गोळी मात्र सगळे गठ्ठे फोडून मागच्या मातीच्या बांधात गेली. एकट्या नरावर तिच्याइतका भरवसा कशाचाच नाही, पण आमच्याकडं डुकरं कळपानं येतात, आणि पलीकडं उभ्या असलेल्या जनावराला जखमी करणारी गोळी मला नको.

म्हणून ए-फ्रेम.

काडतुसं मी स्वतः भरतो, पण त्यातल्या बंदुकीच्या दारूचं वजन इथं मुद्दाम लिहीत नाही. ते गोळीच्या नेमक्या तक्त्यातूनच घ्या आणि खालच्या आकड्यापासून चढा. तांबं शिशापेक्षा हलकं असल्यानं तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब असते, केसमधली (काडतुसाच्या पितळी खोळीतली) जागा खाते आणि दाब बदलतो. एका गोळीचा हिशेब दुसरीला लावला तर गाठ हाताशी आणि डोळ्यांशी आहे.

रिव्हॉल्व्हरची आणखी एक खोड: जड गोळीच्या झटक्यानं चेंबरमधल्या बाकीच्या काडतुसांतल्या गोळ्या पुढं सरकतात आणि सिलिंडर, म्हणजे काडतुसांचं फिरतं चाक, अडकतं. मी सहाव्या काडतुसाची लांबी कॅलिपरनं मोजून ठेवली, पाच बार काढले आणि पुन्हा मोजली. पहिल्या खेपेला ती वाढली होती. केसचं तोंड गोळीवरच्या खाचेत आणखी घट्ट वळवल्यावर तिळभरही फरक पडला नाही.

जड गोळी पंचवीस यार्डांवर तीन इंच वर लागली. ती हळू जाते, नळीतून निघेपर्यंत झटक्यानं नळी उचललेली असते. मागची साइट खाली घेतली. आता पाचही गोळ्या पन्नास यार्डांवर चहाच्या बशीत बसतात, पण हात टेकवून. बिनटेकू मी चाळीसच्या पुढं बार टाकणार नाही.

एका ए-फ्रेमला डॉलरहून जास्त पडतो, त्यामुळं सराव २८० ग्रेनच्याच स्वस्त ओतीव गोळीवर चालू आहे. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानंतर शिकार संपली. इथं मात्र टेक्सासमध्ये जमीनमालकाच्या परवानगीनं खासगी जमिनीवर रानडुकरासाठी २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही.

ए-फ्रेमच्या पन्नासच्या डब्यातल्या एकोणीस शिल्लक आहेत. रँचमालकाचा काल फोन आला, ओढ्याकाठी नव्यानं उकरलेलं दिसतंय म्हणे. शनिवारी निघतोय.