आमची वाटचाल: पहिली विक्री सात वर्षांनी

आमचा मूळ धंदा गाईंचा गोठा. 2011 साली, स्वारीचे आणि उड्या मारणारे घोडे पैदा करायचे म्हणून, दादाने आणि मी रेसमधून निवृत्त झालेल्या दोन थरोब्रेड (रेसच्या जातीच्या) घोड्या फलटणजवळच्या मळ्यात उतरवल्या, तेव्हा आईने पहिला प्रश्न विचारला, "यांचं दूध कुठल्या डेअरीला घालायचं?" आम्ही हसलो. प्रश्न बरोबर होता, हे पुढे कळलं.

गाईचं बिल दर दहा दिवसांनी येतं. घोडी अकरा महिने गाभण राहते. शिंगरू सहाव्या महिन्याच्या सुमाराला आईपासून तोडायचं, तीन वर्षांचं होईपर्यंत पाठीवर कोणाला बसवायचं नाही, मग वर्षभर शिकवायचं आणि मग गिऱ्हाईक शोधायचं. तोवर चंदी म्हणजे घोड्याचा दाणा, नालबंद, जंताचं औषध, घोडे सांभाळणाऱ्या मोतद्दाराचा पगार. रेसची शिंगरं दुसऱ्या वर्षीच पळतात, तुमची का नाही, असं विचारणारे खूप भेटतात. गुडघ्याजवळच्या हाडाची वाढ पुरी व्हायलाच दोन-अडीच वर्षं लागतात, मणक्यांना त्याहून जास्त. आम्हाला दहा-बारा वर्षं उड्या मारणारा घोडा द्यायचा असतो. या हट्टापायी गिऱ्हाइकं गेली आहेत, जाऊ देत.

पहिल्या खेपेला एक घोडी रिकामी राहिली. दुसरी 2013 मध्ये व्यायला आली. सडांच्या टोकांना मेणासारखे थेंब दिसले होते, म्हणून आम्ही रात्री जागत होतो. शिंगरू बहुधा रात्रीच येतं. पांढुरकी पिशवी दिसायला हवी होती, दिसली लाल, मखमलीसारखी. म्हणजे वार आधीच सुटली होती आणि आत शिंगराचा श्वास कोंडत होता. ती पिशवी त्याच क्षणी कापायची असते. आम्ही मात्र डॉक्टरांना फोन लावत बसलो. गाईच्या वेण्यात तासभर थांबता येतं, घोडीचं पाणी फुटल्यावर अर्ध्या तासात सगळं उरकतं. डॉक्टर आले तेव्हा दादा त्या मादी शिंगराला पोत्याने पुसत होता. कोरडं झालं तरी पुसत होता.

तेव्हापासून तबेल्याच्या दाराशी खुंटीला कात्री असते. दुसऱ्या कामाला कोणी ती घेत नाही.

पुढच्या वर्षी पाडव्याच्या आदल्या रात्री त्याच घोडीला मादी शिंगरू झालं, नाव ठेवलं गुढी. चार पायांचं काय करायचं हे न कळून तीनदा तोंडावर आपटली आणि पाऊण तासात उभी राहिली. चीक पहिल्या काही तासांत पोटात जायलाच हवा, कारण शिंगराला रोगाशी लढण्याची ताकद आईच्या पोटातून मिळत नाही, चिकातूनच मिळते. ती चुकचुक आवाज करत सड शोधायची आणि आईच्या गुडघ्याला लुचायची. त्या रात्री आम्ही मोठ्याने बोललोसुद्धा नाही.

2016 मध्ये गुढीची आई व्याल्यानंतर बाराव्या दिवशी पोटशुळाने गेली. मोठं आतडं पिळलं होतं. मागे राहिलेल्या बारक्याला आम्ही शेळीच्या दुधावर वाढवलं, सुरुवातीला दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. दूध आईनेच पाजलं, डेअरीचा प्रश्न विचारणारीनेच. त्यात एक चूक झाली: तो माणसांत वाढला. दोन महिन्यांचं शिंगरू खांद्यावर पाय टाकतं तेव्हा गंमत वाटते, चारशे किलोचा घोडा तेच करतो तेव्हा हाड मोडतं. मग त्याला रिकाम्या राहणाऱ्या घोडीजवळ सोडलं. तिने दोन लाथांत त्याला जे शिकवलं, ते आमच्या बापाला जमलं नसतं.

गुढी 2018 मध्ये पुण्यातल्या एका शाळकरी मुलीसाठी गेली. पहिली विक्री. गाडीत चढताना ती अडली नाही, कारण चढायला आम्हीच शिकवलं होतं. दादा चेक घेऊन कालव्यावर जाऊन बसला.

2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिकवलेल्या, तालबद्ध चालींचा खेळ) संघाने सुवर्ण जिंकलं आणि आमचा फोन वाजायला लागला. ते घोडे युरोपातल्या पैदाशीचे. आमचे मीटरभर उंचीची उडी नेटकी मारतात आणि शिकाऊ पोराला सांभाळून घेतात, तेवढंच आम्ही सांगतो. आज पागेत सात जनावरं आहेत. गाई अजून आहेत, चंदीचा खर्च त्याच उचलतात.

परवापासून आमच्या काळी नावाच्या घोडीच्या सडांवर मेण दिसतंय. दादाची खाट तबेल्यापुढे पडली आहे.